सोमवारची श्रद्धा

२०२५च्या उपवासकाळात, ईस्टरआधी सगळे जातात तसा, मी कन्फेशनला गेलो. सांगायची यादी लहानपणापासून पाठ आहे: राग आला, खोटं बोललो, एका रविवारी चर्चमधला मिस्सा चुकवला. यादी संपली तेव्हा फादरांनी विचारलं, "काम काय करतोस?" म्हटलं, वसईच्या पूर्वेला वालीवला गाळा आहे, पुठ्ठ्याची खोकी बनवतो. "किती माणसं?" नऊ. "त्यांचा पगार किती तारखेला होतो?" मी म्हणालो, पार्टीकडून पैसे आले की होतो. फादर जरा थांबून म्हणाले, "हा विषय कधी प्रार्थनेत आणलास का?" मला काही बोलता येईना. पगाराची तारीख ही देवापुढे न्यायची गोष्ट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या गावात. चर्चची घंटा घरात ऐकू येते. घरी 'सुवार्ता' मासिक येतं, मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोझरी होते, नाताळात गोठा बांधला जातो. कारखान्यांचे गाळे रेल्वेरुळांच्या पलीकडे, पूर्वेला. सकाळी स्कूटरवरून पूल ओलांडला की मी धंदा करणारा माणूस, संध्याकाळी परत ओलांडला की ख्रिस्ती. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मात्र १९६५ सालीच, आधुनिक जगातल्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, ओठांवरची श्रद्धा आणि रोजचं जगणं यांतली फारकत ही आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे, असं नोंदवून ठेवलं आहे. ते माझ्या वाचनात आलं साठ वर्षांनी.

फादरांनी वाचायला सांगितलं ते 'रेरूम नोव्हारुम'. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी जगभरच्या बिशपांना लिहिलेलं पत्र. अशा पत्रांना आमच्याकडे परिपत्रक म्हणतात. मी ते मोबाइलवर उघडलं. पहिली काही पानं जड गेली, खाजगी मालमत्तेच्या चर्चेत तर मी दोनदा अडकलो. युरोपात कारखाने वाढले होते, मजूर पिळले जात होते, एकीकडे समाजवादी चळवळ जोर धरत होती, हा संदर्भ मला जावयानं समजावला. मग एक जागा आली जिथे मी थांबलो. मालकानं अमुक मजुरी देऊ केली, मजुरानं ती मान्य केली, म्हणजे न्याय झाला असं होत नाही, असं तिथे म्हटलं आहे. कराराच्या आधी आणि कराराहून मोठा असा एक नैसर्गिक न्याय आहे. मजुरी इतकी हवी की साधेपणानं राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ त्यात चालावा. गरजेपोटी, दुसरा मार्ग नाही म्हणून माणूस कमी पैशांना हो म्हणतो तेव्हा तो अन्यायाचा बळी असतो. माझ्या गाळ्यात सगळ्यांनी हो म्हटलेलं होतं. तेवढ्यावर मी आजवर निश्चिंत होतो.

त्याच आठवड्यात कॅथलिक धर्मशिक्षणाचा मोठा ग्रंथ, १९९२ साली निघालेला, चाळायला घेतला. त्यात ज्या पापांची हाक थेट स्वर्गापर्यंत पोचते अशांची एक छोटी यादी आहे. तिच्यात हाबेलचं सांडलेलं रक्त आहे, इजिप्तमध्ये छळलेल्या लोकांचा आक्रोश आहे, परका, विधवा आणि अनाथ यांचं रडणं आहे. आणि त्याच यादीत मजुराच्या मजुरीबाबत केलेला अन्याय आहे. याचं मूळ बायबलमध्येच आहे. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या अशी आज्ञा आहे आणि याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे. ही वाचनं मी चर्चमध्ये कितीतरी वेळा ऐकली होती. एकदा तर वेदीजवळ उभं राहून मीच वाचली होती.

मग धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या पॅरिशच्या, सभागृहातल्या अभ्यासगटात जाऊ लागलो. एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे टीचर म्हणतात, एक नर्स, एक रिक्षावाले काका, एक आयटीतला मुलगा आणि मी. तिथे पद्धत होती "पाहा, पारखा, करा" अशी. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांमध्ये काम करताना ती रुजवली. त्यांची तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ १९२५ची. पुढे १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच रीत सगळ्यांसाठी सुचवली. आधी परिस्थिती नीट बघायची, मग शुभवर्तमानाच्या आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या उजेडात ती जोखायची, मग काय करता येईल ते ठरवायचं आणि करायचं. पहिल्याच बैठकीत मी उत्साहानं जाहीर केलं की सगळ्यांचा पगार वाढवणार. टीचर म्हणाल्या, "तू तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलास. पहिल्या पायरीवर काय पाहिलंस ते आधी सांग." माझी नऊ माणसं कुठे राहतात, हेसुद्धा मला सांगता आलं नाही.

म्हणून बघायला निघालो. स्टिचिंग मशीनवरचा आमचा कारागीर गोरखपूरकडचा. कामात जुना, हात इतका बसलेला की खोक्याची पिन एका रेषेत पडते. एका रविवारी दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. चाळीतल्या एका खोलीत चौघं जण. पाणी टँकरचं, त्याचे पैसे वेगळे. त्यानं चहा केला, मला एकुलत्या खुर्चीवर बसवलं. बोलता बोलता कोपऱ्यातल्या किराणावाल्याची वही निघाली. पगाराची तारीख नक्की नसल्यानं महिन्याची सुरुवात उधारीवर, आणि उधारीवर घेतलेल्या मालाला दर चढा. गावी आईला औषधासाठी पैसे पाठवायचे असले की मुकादमाकडून उचल, तिच्यावर व्याज. तो तक्रार करत नव्हता, मी विचारलं म्हणून हिशेब सांगत होता. पार्टीचे पैसे पंधरा दिवस उशिरा आले तर माझ्या गाळ्यात फारसं काही हलत नाही. त्या पंधरा दिवसांची किंमत त्याच्या वहीत लिहिलेली होती.

दुसरी पायरी पारखण्याची. इथे मी मनातली अडचण मांडली. माझीच बिलं नव्वद-नव्वद दिवस अडकतात. क्राफ्ट पेपरवाल्याला रोख द्यावे लागतात. मग पगार वेळेवर आणू कुठून? टीचरांनी पोप दुसरे जॉन पॉल यांचं १९८१ सालचं 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे परिपत्रक काढलं. हे पोप तरुणपणी, नाझींनी पोलंड व्यापलेला असताना, आधी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात मजुरी करत होते. त्यांनी मालक दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक, कामगाराशी ज्याचा थेट करार असतो तो. दुसरा अप्रत्यक्ष मालक. मी माझ्या वहीत त्याचं "आडून बसलेला मालक" असं ओबडधोबड मराठी करून ठेवलं. पगार आणि कामाच्या अटी प्रत्यक्षात कशा राहतील हे ज्या संस्था, ज्या प्रथा, जी सरकारी धोरणं, जो बाजार ठरवतो, ते सगळं यात येतं. मला हायसं वाटलं. बिलं थकवणारी पार्टी ही आडून बसलेली मालक आहे तर! तेवढ्यात रिक्षावाले काका म्हणाले, "मग घरी बसून स्वस्तातलं स्वस्त मागवणारे आपण सगळे कोण?" खोलीत कुणीच लगेच उत्तर दिलं नाही.

त्या रात्री जेवताना मी हे सगळं पत्नीला सांगत होतो. ती वाढता वाढता म्हणाली, "आपल्याकडे मावशी येतात त्यांना महिन्यात किती सुट्ट्या आहेत?" मला माहीत नव्हतं. ठरलेल्या सुट्ट्याच नव्हत्या. त्या आजारी पडल्या की यायच्या नाहीत आणि तेवढे पैसे कापले जायचे, ही घरातली रीत आईपासून चालत आलेली. आम्ही दोघांनी बसून आठवड्याची एक सुट्टी ठरवली, वर्षातून काही भरपगारी रजा ठरवल्या. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "माझं काही चुकलं का?" कामावरून काढायची ही तयारी असावी, असं त्यांना वाटलं होतं. हक्काची गोष्टसुद्धा आधी भीती घेऊन त्यांच्यापर्यंत पोचली, इतकी ती अनोळखी होती.

तिसरी पायरी आम्ही १ मेला गाठली. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि आमच्यासाठी कामकरी संत योसेफाचा सण. तो १९५५ साली पोप बारावे पायस यांनी सुरू केला. सकाळी मिस्सा झाला आणि त्या दिवसापासून गाळ्यात काही गोष्टी बदलल्या. बँकेत पगारासाठी वेगळं खातं उघडलं. कुठलंही बिल वसूल झालं की आधी त्या खात्यात भर घालायची, मग बाकीची देणी. पगार सात तारखेच्या आत, कायद्यातही तेच आहे. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, आणि प्रत्येकाच्या हातात हिंदीतली पगाराची चिठ्ठी. पार्ट्यांना पत्रं लिहिली: छोट्या उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा २००६ पासून आहे, त्याला धरून पैसे द्यावेत. एका पार्टीनं मान्य केलं, दुसरीचं उत्तर आलं नाही. जुनं पंचिंग मशीन बदलायचा बेत पुढे ढकलला. पगारवाढही केली, पण कुटुंब सोबत आणून इथे राहता येईल इतका पगार किती, हा हिशेब गोरखपूरच्या कारागिराबरोबर बसून मांडला तेव्हा भाडं, धान्य, शाळा आणि गावचा खर्च मिळून आकडा मी देतो त्याच्या बराच पुढे गेला. ती तफावत अजून आहे. ती कागदावर लिहून मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

याच दिवसांत रोममध्ये घडामोडी चालू होत्या. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले. ८ मे रोजी नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी नाव घेतलं लिओ. पोप चौदावे लिओ. नाव का घेतलं हे त्यांनी दोन दिवसांनी कार्डिनलांना सांगितलं: मुख्य कारण तेरावे लिओ आणि त्यांचं 'रेरूम नोव्हारुम'. तेव्हा पहिल्या औद्योगिक क्रांतीचा प्रश्न होता, आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे नवी आव्हानं आहेत. मोबाइलवर अडखळत वाचलेलं १३४ वर्षांपूर्वीचं पत्र असं बातम्यांत आलं. गटातला आयटीतला मुलगा त्यानंतरच्या बैठकीत पहिल्यांदा आपल्या कामाविषयी बोलला. त्याच्या कंपनीत माणसं कमी होत होती आणि उरलेल्यांनी त्याबद्दल बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. माझ्या गाळ्याची चर्चा करता करता त्याला काय सोसावं लागतंय हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं.

गाळ्यात मोठा क्रूस लावावा आणि काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, असंही माझ्या मनात आलं. गटात बोललो तेव्हा नर्सताईंनी विचारलं, "ज्याला त्या प्रार्थनेत उभं राहायचं नाही, तो तुला तसं सांगू शकेल का?" सांगू शकणार नाही, मी त्याचा मालक आहे. धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होऊ नये, ही व्हॅटिकन परिषदेची १९६५ सालची घोषणा त्यांनी मला दाखवली. मोठा क्रूस राहून गेला. माझ्या टेबलावर एक छोटा आहे आणि शटर उघडण्याआधी मी एकटा प्रार्थना करतो. सप्टेंबरमध्ये कारागिरांची विश्वकर्मा पूजा आली. मशीनं धुऊन पुसून झाली, हार घातले गेले, मला आग्रहानं बोलावलं. मी आदरानं उभा राहिलो, त्यांच्याबरोबर जेवलो. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हेही त्याच परिषदेचं. जेवताना एका हेल्परनं टेबलावरच्या क्रुसाकडे बोट दाखवून विचारलं, "आपके भगवान क्या काम करते थे?" मी सांगितलं, सुतारकाम. नाझरेथचे लोक येशूला सुतार म्हणूनच ओळखत, मार्कच्या शुभवर्तमानात तसं लिहिलं आहे. तो म्हणाला, "फिर तो वो भी कारीगर हुए." मी प्रवचन दिलं असतं तर त्यात हे वाक्य आलं नसतं.

यानंतरची गोष्ट गावातली. आमच्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवणारी जुनी तळी. पूर्वी त्यांवर रहाट चालत, केळी आणि फुलांच्या वाड्या त्यावर जगत, आसपासच्या विहिरी गोड राहत. समुद्र जवळ असल्यानं हे गोडं पाणी जमिनीत मुरणं फार मोलाचं. आमच्या जवळच्या बावखलात कुणीतरी राडारोडा टाकू लागलं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका असं सांगितलं आहे, आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला आहे. मला तर चाळीतला टँकर आठवत होता. मी रात्र जागून चार पानांचा अर्ज लिहिला, त्यात सृष्टी आली, निर्माता आला. शेजारच्या पाटीलकाकांनी, जे आयुष्यभर तलाठी होते, तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊ, सर्व्हे नंबर कुठे आहे?" सातबारा, नकाशा, तारखेसह फोटो, आणि अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच: हे त्यांनी मला शिकवलं. चार पानांचं एक पान झालं.

त्या पानावर वेगवेगळ्या आळ्यांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी सह्या केल्या. मला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची फार आठवण आली. 'सुवार्ता'चे ते एकेकाळचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेले. माझ्या लहानपणी मोठी माणसं मोर्चाला जात तेव्हा मला वाटे, फादर चर्च सोडून हे का करतात? गटात आम्ही एक तत्त्व शिकलो होतो. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी ते मांडलं: जे काम खालच्या पातळीवरचे लोक स्वतः नीट करू शकतात, ते वरच्यांनी काढून घेऊ नये, उलट त्यांना बळ द्यावं. २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हा आपापल्या ग्रामपंचायती टिकाव्यात म्हणून वसईतली गावं का झगडली, हे मला त्या तत्त्वातून पुन्हा नव्यानं दिसलं. बावखलाच्या बैठकीत मला बोलायला उभं केलं तेव्हा आवाज कापत होता, दोन वाक्यांत मी खाली बसलो. पण राडारोड्याची गाडी पुन्हा आली तर तिचा नंबर कोण लिहून घेणार, हे त्या बैठकीत ठरलं. अर्जाचा निकाल यायचा आहे.

मी एकटा यातलं काहीच करू शकलो नसतो, हे मला ठाम सांगायचं आहे. वसईत असं मिळून काही उभं करणं जुनंच आहे. मोन्सेन्यूर मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. गावकऱ्याला कर्ज कुठून मिळतं, हाही त्या धर्मगुरूंना श्रद्धेचाच प्रश्न वाटला. मी श्रद्धेचा विचार मात्र फक्त स्वतःच्या आत्म्यापुरता करत आलो होतो. आता रात्री लोयोलाच्या संत इग्नेशियसनं सांगितलेलं आत्मपरीक्षण करतो: आधी आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाचा आढावा, पश्चात्ताप आणि उद्याचा निश्चय. आढाव्यात घर येतं, चर्च येतं आणि गाळाही येतो. आज कुणावर आवाज चढवला, कुणाचं ऐकून घेतलं नाही, कुणाचे पैसे माझ्याकडे थांबले आहेत.

परवा पेस्टिंगवरचा एक मुलगा तापानं आठवडाभर आला नाही. त्याचे खाडे धरायचे का? कामगार विम्याची सरकारी योजना कारखान्याला लागू होते ती दहा माणसं झाली की. आम्ही नऊ. कायदा जिथे थांबतो तिथे माझी जबाबदारीही थांबते का, हा प्रश्न मला वर्षभरापूर्वी पडला नसता, कारण त्याचं उत्तर सोपं होतं आणि माझ्या सोयीचं होतं. १८९१चं ते पत्र वाचल्यावर ते उत्तर मला देता येत नाही. त्या आठवड्याचे पैसे मी कापले नाहीत, पण एकदा न कापणं म्हणजे नियम नव्हे, आणि माझ्या मर्जीवर चालणारी सवलत म्हणजे न्याय नव्हे. आजारपणातला पगार हा पुढच्या बैठकीचा विषय मी मांडला आहे. यातलं मला फार थोडं कळतं. म्हणून या खेपेला बैठकीच्या आधी त्या नऊ जणांबरोबर बसणार आहे आणि नियम काय असावा हे आधी त्यांनाच विचारणार आहे.